मायनर की मिनी? इंजिन एकच, डोकेदुखी वेगळी

मॉरिस मायनर (1948) आणि मिनी (1959), या दोन्ही जुन्या ब्रिटिश गाड्या डिझायनर ॲलेक इसिगोनिसच्याच. 1956 नंतरच्या मायनरमध्ये आणि मिनीत इंजिनही एकाच घराण्यातलं, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) ए-सिरीज. फरक आहे तो इंजिन बसवलंय कसं यात, आणि मालकाची निम्मी डोकेदुखी तिथेच ठरते.

मायनरचं इंजिन गाडीच्या लांबीत उभं, गिअरबॉक्स त्याच्या मागे वेगळा. बॉनेट उघडलं की हात सगळीकडे पोचतो. मिनीत इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं, गिअरबॉक्स खाली सम्पमध्येच (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) आणि दोघांना तेल एकच. गिअरचे दाते ते तेल सतत चेचत असतात, म्हणून 20डब्ल्यू-50 ग्रेडचं तेल दर 3000 मैलांना बदलायचंच, तिथे कंजुषी नको. सेकंड गिअरचा सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेला भाग) गेला तरी इंजिनसकट अख्खा गठ्ठा बाहेर काढावा लागतो. स्पार्क प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर तर पुढच्या जाळीच्या लगेच मागे. पावसात पाणी उडालं की मिसफायर. त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर जागेवर आहे ना, बघून घ्या.

मायनरचं दुखणं पुढच्या चाकांत. खालच्या ट्रनियनला (चाक वळतं त्या आट्यांच्या सांध्याला) ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात आणि एके दिवशी चाक आडवं पडून गाडी नाकावर बसते. दोन्ही बाजूंना मिळून ग्रीस भरायचे चार निपल. आधी गाडी जॅकवर उचला, मग ग्रीसगन लावा. भार असताना ग्रीस नीट आत शिरत नाही. खरेदीआधी चाक उचलून वरखाली हलवा. ढिलं लागलं तर तिथेच थांबा.

गंज दोघींनाही खातो, ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे. मिनीची मागची सबफ्रेम (मागची चाकं धरणारी चौकट) आणि सिल (दारांखालच्या पट्ट्या), मायनरचा मधला क्रॉसमेंबर (तळाचा आडवा तुळईसारखा भाग) आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर तपासा. मिनीची सबफ्रेम निदान बोल्ट काढून बदलता तरी येते. मायनरच्या ट्रॅव्हलर या इस्टेट मॉडेलची ॲश लाकडाची चौकट शोभेची नाही, बॉडीचा भार तिच्यावर असतो. काळ्या पडलेल्या जोडात स्क्रूड्रायव्हर रुतला तर किंमत भरपूर पाडा.

वळणावर मिनीला तोड नाही, पण स्प्रिंगऐवजी रबर कोनवर बसलेली ती गाडी खड्ड्यांचा हिशेब पाठीला देते. घरीच पाना धरणाऱ्यानं मायनर घ्यावी. फक्त तिचं ब्रेकचं मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा भाग) ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या आत दडलेलं आहे. तेल बघायचं तर कार्पेट उचलावं लागतं, म्हणून बरेच जण बघतच नाहीत.