तणनाशकासाठी एअर इंडक्शन नोझल: उसाचा एक हंगाम वापरल्यावर

मोशीच्या किसान प्रदर्शनातून डिसेंबरात आणलेलं हे नोझल लागणीला आणि खोडव्याला, दोन्हीकडे वापरून झालंय. आमच्या नारायणगाव पट्ट्यात उसाच्या बांधाला टोमॅटो लागूनच असतो. उसातल्या हरणखुरी-चांदवेलीवर टू-फोर-डी हे तणनाशक मारायचं म्हटलं की शेजारच्या भाऊंचा जीव वरखाली होतो, आणि ते बरोबरच आहे. या औषधाचा नुसता वारा लागला तरी टोमॅटोचे शेंडे वाकडे होतात, नवी पानं चिंचोळी येतात.

नोझल पिवळं, ०२ नंबरचं, फवारा पंख्यासारखा ११० अंशांत पसरवणारं. पिवळा रंग कंपनीची हौस नाही, ती ठरलेली खूण आहे: ३ बार दाबाला मिनिटाला साधारण ०.८ लिटर. निळं घेतलं तर १.२. बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत ओढली जाते आणि थेंब जाड पडतो. थेंबाची जाडी दुप्पट झाली की त्यात पाणी आठपट मावतं, म्हणून तो वाऱ्यावर न तरंगता खाली बसतो. उडतात ते १०० मायक्रॉनच्या आतले.

खात्री करायला पंपात नुसतं पाणी भरलं आणि पाणी लागलं की निळा होणारा पिवळा कागद भाऊंच्या हद्दीत काठ्यांना टाचला. जुन्या गोल फवाऱ्याच्या नोझलनं कागदावर निळी भुकटी शिंपडल्यासारखी दिसली. नव्यानं तुरळक मोठे ठिपके, तेही बांधालगतच्या कागदावर. पुढचे कागद पिवळेच. भाऊ म्हणाले, "आता मार बाबा."

तक्रारी आहेतच. बॅटरी पंप उतरत आला की दाब पडतो, फवाऱ्याचा पंखा आकसतो आणि दोन सऱ्यांच्या मध्ये पट्टा कोरडा राहतो. विहिरीचं पाणी गाळून घेतलं नाही तर तोंड तुंबतं. तोंडानं फुंकू नका, जुना टूथब्रश पुरतो. आणि करपा-भुरीच्या स्पर्शजन्य, म्हणजे जिथं पडेल तिथंच काम करणाऱ्या औषधाला हे नोझल मी अजिबात लावणार नाही. टोमॅटोच्या दाट झाडीत पानाखाली, आतवर औषध पोचायला बारीक थेंबच लागतो.

नोझलच्या हातात नसलेल्याही गोष्टी आहेत. टू-फोर-डीचा एस्टर प्रकार फवारून झाल्यावरही उन्हात वाफ होऊन उडतो, तिथं थेंब कितीही जाड असो. म्हणून मी अमाइन सॉल्टच घेतो, दुकानदार कितीही एस्टरची तारीफ करो. दुसरं, पहाटे वारा शांत म्हणून फवारायची आपली सवय. हिवाळ्यात तेव्हा जमिनीलगत गार हवेचा थर साचलेला असतो, बारीक थेंब त्यातच लटकतात आणि झुळूक येईल तिकडे जातात. चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरत असेल तर पंप खाली ठेवायचा. ऊन थोडं वर आलं, पानं जेमतेम हलतायत आणि वारा टोमॅटोकडून उसाकडे येतोय, अशी वेळ मी धरतो. नोझल गुडघ्याच्या वर उचलत नाही. एचटीपीच्या, म्हणजे जास्त दाबाच्या पंपाच्या गनला तर तणनाशकासाठी हातच लावत नाही, तिच्या दाबाला धुकंच तयार होतं.

किंमत जुन्या नोझलपेक्षा बरीच जास्त वाटली, पण पाठीवरच्या पंपाला एकच लागतं. तालुक्याच्या दुकानात सुटं मिळालं नाही, पुण्याहून मागवावं लागलं. तेव्हा घेतानाच जोडीनं घ्या, आणि आपल्या लान्सचा (पंपाच्या फवारणी नळीचा) आटा जुळतोय का ते दुकानातच बसवून बघा.