‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेतलेला फ्रिज: फ्रिजला ४ स्टार, फायनान्सला १

आधी फ्रिजचं सांगून टाकतो म्हणजे तेवढ्यासाठी आलेल्यांना पुढचं वाचायला नको. आईबाबांसाठी डबल डोअर घेतला, दसऱ्याच्या आठवड्यात, चिंचवडच्या एका शोरूममधून. आवाज नाही, बर्फ पटकन होतो, डिलिव्हरीवाल्या पोरांनी तिसऱ्या मजल्यावर कटकट न करता चढवला. भाजीचा ट्रे मात्र छोटा, मेथीची जुडी आडवी बसत नाही, आईचा एक स्टार तिथेच गेला. बाकी झकास.

आता फायनान्स. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सगळ्यांचा खेळ साधारण सारखाच असतो. मी स्वतः अकाउंट्सवाला, भोसरीत एका कंपनीत, दिवसभर टॅली आणि एक्सेल, त्यामुळे आकडा दिसला की हात शिवशिवतात. फ्रिज ४८,००० चा. स्कीम १२/४, म्हणजे ४,००० चे एकूण १२ हप्ते, त्यातले ४ आधीच भरायचे आणि उरलेले ८ दर महिन्याला. वर प्रोसेसिंग फी ८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ९४४. बोर्डावर मोठ्या अक्षरात ‘झिरो इंटरेस्ट’. मी सेल्समनला सहज विचारलं की दादा, सगळे आत्ता रोख दिले तर किती, तर तो लगेच म्हणाला ४५,५०० करून देतो सर, पण स्कीममध्ये डिस्काउंट नाही.

बस, इथेच सगळं कळलं. रोखीचा भाव ४५,५०० असेल आणि मी पहिल्याच दिवशी १६,९४४ देतोय, तर मला उधार मिळाले फक्त २८,५५६, आणि परत करायचे ३२,०००. काउंटरवर उभ्या उभ्या मोबाईलवर रेटचा फॉर्म्युला मारला, महिन्याला साधारण २.६ टक्के निघाला, म्हणजे वर्षाला ३१ टक्क्यांच्या आसपास. याला झिरो म्हणायचं! रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगून ठेवलंय की झिरो टक्के व्याज असं काही नसतंच, पण बोर्ड रंगवणाऱ्यापर्यंत ते पत्र काही पोचलेलं दिसत नाही.

मग घेतलं कशाला विचाराल, तर दिवाळीच्या तोंडावर मला एकरकमी पैसे मोडायचे नव्हते आणि ३,४४४ जास्त जाणार हे माहीत असून घेतलं. खर्च माहीत असेल तर माझी हरकत नाही. राग येतो तो लपवण्याचा.

म्हणून एक काम नक्की करा, सही करायच्या आधी केएफएस मागा, म्हणजे ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, कर्जाचा सगळा खर्च एका जागी लिहिलेला कागद. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन रिटेल कर्जाला ते द्यावंच लागतं, त्यात एपीआर म्हणजे सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. पण त्यातही गंमत आहे. फक्त ती फी धरली तर माझ्या केसमध्ये दर ८ टक्क्यांच्या जवळपास येतो, कारण सोडलेला रोखीचा डिस्काउंट हा शोरूम आणि माझ्यातला मामला, तो कर्जाच्या कागदावर येतच नाही. तो तुम्हालाच विचारून मोजावा लागतो, आणि तोही स्कीमचं नाव काढायच्या आधी विचारा, नंतर भाव बदलतो.

केएफएसचा अजून एक फायदा झाला. कोपऱ्यातल्या टेबलावरचा फायनान्सचा पोरगा एकामागून एक ओटीपी मागत होता, कुठला ओटीपी कशाला ते सांगायचं नाव नाही, आणि कागदावर खाली ६९९ चा कुठलातरी प्रोटेक्शन प्लॅन. काढ म्हटलं तर ‘सर ते सिस्टिमच घेते.’ मॅनेजर मॅडम आल्या आणि सिस्टिमने दोन मिनिटात सोडलं. पोराचा दोष नाही म्हणा, त्याला टार्गेट असणार.

हप्त्याची तारीख ५, आमचा पगार ७ ला. तारीख बदलून द्या म्हटलं तर होत नाही. मी खात्यात वेगळे पैसे ठेवतो म्हणून निभावलं, पण आमच्या कंपनीच्या स्टोअरमधल्या एकाचा हप्ता याच दोन दिवसांच्या फरकाने बाउन्स झाला, तर फायनान्सवाल्यांनी वेगळा चार्ज लावला, त्याच्या बँकेने वेगळा.

कर्ज संपल्यावर एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, मागितली तेव्हा कस्टमर केअरचं ऐकून मला हसूच आलं. ‘सर प्रोसेसमध्ये आहे, पुढच्या सायकलला होईल.’ अहो, हे वाक्य माझं आहे! आमच्या कंपनीत वेंडरचं, म्हणजे माल पुरवणाऱ्याचं, बिल खरेदी ऑर्डरपेक्षा एक रुपयाने जास्त आलं तरी होल्डला जातं, आणि बिचारा फोन करतो तेव्हा मला हेच बोलायला लावतात. फक्त मार्चमध्ये सगळ्यांना अचानक छोटे वेंडर आठवतात, कारण आयकराच्या नियमामुळे सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसात दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच टॅक्समध्ये धरता येतो. दंड खिशाला लागला की प्रोसेस पळते, हे आतून बघितलंय मी. शिवाय कस्टमर केअरचे फोन नेमके ११ किंवा २० तारखेलाच येणार, जीएसटी रिटर्न भरताना, आणि नाही उचलला की ‘कस्टमर नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणून तक्रार बंद.

त्यामुळे दंडाचीच भाषा मी वापरली. क्रेडिट रिपोर्टमध्ये कर्ज अजून चालूच दिसत होतं, तर मेलमध्ये लिहिलं की दुरुस्तीची तक्रार ३० दिवसात मिटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाणार. एनओसी लगेच आली, रिपोर्टही सुधारला. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, कुठल्याही ॲपला पैसे देऊ नका.

आणि एनओसी आली म्हणून गप्प बसू नका, बँकेत जाऊन किंवा नेटबँकिंगवरून ऑटो डेबिटचं मॅन्डेट रद्द करा. माझ्या मॅन्डेटची लिमिट हप्त्यापेक्षा कितीतरी जास्त होती आणि शेवटची तारीख कर्ज संपल्यानंतर कित्येक वर्षांची.