शुगरच्या पेशंटला उपाशी बसवून ठेवणारी ओपीडी

नानांना (माझे वडील) शुगर जुनीच आहे, पण हल्ली तळपायाला मुंग्या येतात आणि चालता चालता पायातली चप्पल निघून मागे राहते तरी त्यांना कळत नाही, मागून कोणीतरी हाक मारून सांगतं तेव्हा मागे फिरतात. म्हणून गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, जळगावला शुगरच्या स्पेशालिस्टला दाखवून घ्या. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, मला कोणा एका माणसाला नावं ठेवायची नाहीत, तिथली ओपीडी कशी चालते ते लिहायचंय.

फोनवर नंबर लावला तेव्हा काउंटरवरच्या मॅडम एवढंच बोलल्या, उपाशीपोटी आणा, दहाला या. सकाळची गोळी द्यायची की नाही, काहीच नाही. नानांची गोळी ग्लिमेपिराइडवाली, ती घेऊन माणूस उपाशी राहिला तर शुगर धडाधड खाली येऊ शकते, आणि हे ज्यांच्या दारात रोज एवढे शुगरवाले येतात त्यांनी फोनवर एका वाक्यात सांगायला नको का? नानांनी रोजच्यासारखी गोळी घेतली आणि आम्ही अडावदहून सकाळची एसटी पकडून दहाच्या आत हजर.

तिथे कळलं की दहाची वेळ सगळ्यांनाच दिलेली आहे. चोपडा, यावल, एरंडोल, पारोळा, कुठून कुठून लोक आलेले, बरेचसे म्हातारे आणि निम्म्याच्या वर उपाशी. गर्दीचं मला काही वाटत नाही, चांगल्या डॉक्टरकडे गर्दी असणारच. पण केस पेपर काढला, फी भरली आणि त्यानंतर कोणी काही सांगेल तर शपथ. लॅबमध्ये गेलो तर म्हणे सरांनी लिहून दिल्याशिवाय रक्त घेत नाही. सर राउंडला. कधी येतील विचारलं की एकच उत्तर, बसा, आवाज देतो. मे महिना, जळगावचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको, पॅसेजमध्ये गरम हवा फिरवणारे दोन पंखे, आणि सर आल्यावर आधी आत कोण गेलं तर बॅगा घेतलेले औषध कंपन्यांचे एमआर.

साडेबाराच्या सुमारास नाना म्हणाले, "माले गरगर व्हई ऱ्हायनं रे." हात लावला तर शर्ट घामाने चिंब आणि बोटं थरथरताहेत. मी काउंटरला धावलो, तर मॅडम मान वर न करता म्हणाल्या नंबर आल्यावर घेऊ. शेवटी लॅबमधली एक मुलगी स्वतःहून ग्लुकोमीटर घेऊन बाहेर आली, बोटाला सुई टोचली, आकडा 58. सत्तरच्या खाली गेलं की वाट बघत बसायचं नसतं, तिने लगेच गेटवरच्या चहावाल्याकडून साखर मागवली, तीन चमचे पाण्यात ढवळून पाजली आणि पंधरा मिनिटांनी परत तपासलं. त्या पोरीचे उपकार विसरणार नाही.

आणि आता ऐका, साखर पोटात गेली म्हणून काउंटरचं म्हणणं, आता फास्टिंग होणार नाही, उद्या परत उपाशी आणा! परत? बरं, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी टेस्ट असते तिला उपाशी लागतच नाही, ती केव्हाही होते, पण ती तरी आज करून घ्या म्हटलं तर परत तेच, सर लिहून देतील तेव्हा.

सर स्वभावाने चांगले आहेत, गोड बोलतात. पण तीन-चार मिनिटं दिली असतील. आम्ही जुनी फाइल नेली होती तिची दोरीसुद्धा सोडली नाही. चप्पल निघून जाते हे मी स्वतः सांगितलं तर म्हणाले शुगर वाढली की होतं असं, गोळी लिहितो. पाय बघितले नाहीत. नाना समोर बसलेले, पाय टेबलाखाली, फक्त चप्पल काढा म्हणायचं होतं. शुगरच्या माणसाचे पाय वर्षातून एकदा तरी नीट तपासायचे असतात, आणि आम्ही तर पायाचीच तक्रार घेऊन आलो होतो.

चिठ्ठीवरचं अक्षर खालच्या मेडिकलवाल्याशिवाय कोणाला लागत नाही. औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा हे 2016 पासून डॉक्टरांच्या नियमातच आहे.

नंतर चोपड्याला एका साध्या दवाखान्यात दाखवलं. त्या डॉक्टरांनी आधी नानांना कॉटवर झोपवलं, बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या, डोळे मिटायला लावून नायलॉनच्या तारेने तळवा टोचला, तर बऱ्याच ठिकाणी नानांना कळलंच नाही. टाचेला एक भेग होती, आतून ओली, दुखत नव्हती म्हणून नानांना पत्ताच नाही. रोज रात्री पाय बघायचे, अनवाणी फिरायचं नाही, शेतात तर अजिबात नाही, हे सगळं त्यांनी नानांना समोर बसवून सांगितलं.

दोन स्टार देतोय, ते लॅबच्या मुलीसाठी. हॉस्पिटलवाल्यांनी हे वाचलं तर एवढं करा, उपाशी येणाऱ्यांचं रक्त आल्या आल्या घ्या आणि फोनवर गोळीचं सांगा. बाकीच्यांनी जायचंच असेल तर सकाळच्या गोळीचं आधी आपल्या डॉक्टरांना विचारून जा, खिशात साखर असू द्या आणि आत गेल्यावर पाय तपासा असं स्वतःच म्हणा.