आयनॅचरलिस्ट ॲप : डाइव्हमध्ये दिसलेला प्राणी नक्की कोणता, हे शोधायला

डिसेंबरात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डाइव्ह केली, साधारण ६-७ मीटरवर एका खडकावरून बोटाएवढं काहीतरी सरकत होतं, कागदासारखं पातळ, काळंभोर आणि कडेला केशरी काठ, अगदी साडीचा काठ वाऱ्यावर हलतो तसं. बोटीवर विचारलं तर समुद्री गोगलगाय असेल म्हणाले. मला ते पटेना आणि डोक्यातूनही जाईना.

कुडाळहून मुंबईची ट्रेन पकडली आणि गाडीतच फोटो आयनॅचरलिस्टवर टाकले. ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत. फोटो आणि जागा बघून ते नावं सुचवतं, पण जातीची खात्री नसेल तर आधी नुसतं कुळ किंवा प्रजाती (जवळच्या जातींचा गट) सांगतं आणि जातींची नावं फक्त शक्यता म्हणून खाली देतं, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. माझ्या फोटोला सुचवलेल्या नावांत गोगलगायी पण होत्या आणि फ्लॅटवर्म, म्हणजे चपटे कृमी, पण. खरं उत्तर दोन दिवसांनी ॲप वापरणाऱ्या एका माणसाकडून आलं. त्याने लिहिलं की पाठीवर गोगलगायीसारखा कल्ल्यांचा तुरा नाही, डोक्यावर वेगळी शिंगं नाहीत, शिंगं वाटतात ती कडेचीच घडी आहे, म्हणजे हा फ्लॅटवर्म, प्रजाती बहुतेक स्युडोसेरॉस. पुढची जात फोटोवरून सांगणं अवघड, कारण कधीकधी शरीराचे पातळ काप करून आतली रचना मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. एवढं समजावून कोण सांगतं हो, तेही अनोळखी माणसाला!

म्हणून सांगते, ॲपने पहिलं नाव दिलं की लगेच ओके करू नका. ज्या जातींचे पुरेसे फोटोच नाहीत त्या त्याला ओळखता येत नाहीत, आणि समुद्रातल्या असल्या कितीतरी आहेत. निदान दोघांनी ओळखलेलं आणि दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत झालं की मगच नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी, होते.

फोटो मात्र आपल्यालाच नीट काढावे लागतात. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो, पाच-सहा मीटरवरच तांबडी वस्तू मातकट दिसायला लागते, त्यामुळे टॉर्च न्या. एक फोटो वरून, एक बाजूने, एक डोक्याचा, आणि शेजारी स्लेट (पाण्याखाली लिहायची पाटी) वगैरे धरून आकाराचा. हात लावून उलटवून बघायचं अजिबात नाही, कोन शेल या शंकूसारख्या शंखातल्या गोगलगायीचा डंख जीव घेऊ शकतो, लायनफिश माशाचे काटे विषारी असतात, आणि मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आपण तिथे पाहुणे. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी बरोबर लावा, पाण्याखाली जीपीएस लागत नाही म्हणून जागा नंतर नकाशावर हाताने टाका. जागा चुकली तर नावही चुकू शकतं, लायनफिशच्याच माइल्स आणि व्होलिटान्स या दोन जाती इतक्या सारख्या दिसतात की कुठल्या समुद्रातली आहे यावर बरंच ठरतं. नेमकी जागा लपवायची सोयही आहे.

मुंबईत डाइव्ह करण्याइतकं स्वच्छ पाणी नाही, पण सराव इथेच होतो. मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटातले लोक २०१७ पासून ओहोटीला हाजी अली, गिरगाव, जुहूच्या किनाऱ्यावर फिरतात आणि त्यांच्या नोंदी याच ॲपवर आहेत. मी महिनाभर रोज रात्री त्या चाळल्या, आता गोगलगाय आणि फ्लॅटवर्ममधला फरक मला स्वतःला दिसतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण उत्तर कधी तासात येतं तर कधी महिनोन्‌महिने येतच नाही.

माझी ती नोंद अजून प्रजातीवरच अडकली आहे. फेब्रुवारीत परत जातेय, त्याच खडकावर, या वेळी टॉर्च घेऊन.