स्टायर घ्यायचं की मोरिनी, आणि बॅरल बदलायचं का?

10 मीटर एअर पिस्तूल घ्यायचं म्हटलं की रेंजवर दोन नावं कायम कानावर पडतात, ऑस्ट्रियाचं स्टायर एलपी10 (आता त्याच्याच पुढचं इव्हो 10) आणि स्वित्झर्लंडचं मोरिनी सीएम 162ईआय. दोन्ही मी भरपूर चालवलीत, म्हणून जे हाताला जाणवलं तेच सांगतो.

स्टायरमध्ये अ‍ॅब्झॉर्बर आहे, म्हणजे शॉट सुटताना आतलं एक छोटं वजन मागे सरकतं आणि झटका तिथेच जिरतो, त्यामुळे शॉटनंतरही फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) जवळपास जागेवरच दिसते आणि फॉलो थ्रू, म्हणजे शॉट सुटल्यावरही नेम तसाच धरून ठेवणं, शिकायला हे फार उपयोगी पडतं. मोरिनीत अ‍ॅब्झॉर्बर नाही, बारीकसा धक्का हाताला कळतो, पण इलेक्ट्रॉनिक ट्रिगर! पहिल्या शॉटला जसा तुटतो (दाबता दाबता सुटतो) तस्साच मॅचच्या साठाव्या शॉटला. फक्त सेलकडे लक्ष ठेवायचं आणि मॅचला जाताना एक जादा सेल किटमध्ये टाकायचा. स्टायरचा मेकॅनिकल ट्रिगर सेट करायला जरा जीव खातो, एकदा बसला की मग बघायला नको. नियमाने ट्रिगर कमीत कमी 500 ग्रॅमचा लागतो, म्हणजे तेवढं वजन टांगलं तरी तो सुटता कामा नये, तेव्हा दोन्हीकडे वजन लावून तपासा.

नवीन मुलांना मी स्टायर सांगतो. पण ग्रिप हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, मोरिनीची ग्रिप तळहातात नीट बसत असेल तर खुशाल तेच घ्या.

आता बॅरल, म्हणजे नळी. माझे नाइन (दहाऐवजी नऊ गुणांचे शॉट) सारखे साडेसात वाजता, म्हणजे टार्गेटला घड्याळ मानलं तर खाली डावीकडे, जात होते, मला वाटलं बॅरलच गेलं, कस्टम बॅरल बसवायचंच असं मी जवळपास ठरवून टाकलं होतं. मग पिस्तूल वाइसमध्ये (टेबलाला लावलेल्या शिकंज्यात) आवळून 10 मीटरवरून पाच पेलेट (छर्रे) मारले, टार्गेटच्या कार्डावर पेन्सिल जाईल एवढंच भोक! दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं, म्हणजे बॅरलची काही चूकच नव्हती, ट्रिगर दाबताना माझं मनगट वळत होतं. या पिस्तुलांची बॅरल्स मुळातच उत्तम असतात, वरची भोकंही हवा वर सोडून तोंड उचलू नये म्हणून दिलेली असतात, त्यात घरी ड्रिल वगैरे अजिबात करू नका.

नवीन बॅरलच्या तेवढ्याच पैशात पेलेट टेस्ट करा. 4.49 आणि 4.50 मिलिमीटर हेड साइजचे (पेलेटच्या डोक्याची जाडी) वेगवेगळ्या बॅचचे डबे आणा, वाइसमधून पाच-पाच मारा, ज्याचं भोक सगळ्यात लहान येईल त्या बॅचचे डबे सीझनभराचे एकदम घेऊन ठेवा.

25 मीटरच्या .22 पिस्तुलाचं वेगळं आहे, तिथे बॅरल 153 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, मॅचआधीच्या इक्विपमेंट कंट्रोलला (सामानाच्या तपासणीला) अडवतात, आणि ते लायसन्सचं हत्यार असल्यामुळे बॅरलचं काहीही काम असलं तरी लायसन्सवाल्या डीलरकडेच जायचं.