हिकरीचा धनुष्य-संच: लाकूड उत्तम, मुठीचा हिशोब चुकलेला

घरी धनुष्य घडवण्यासाठी अर्धवट घडवलेल्या हिकरीच्या (एका अमेरिकी झाडाचं कठीण लाकूड) दांड्यांचे संच अमेरिकेतले बरेच छोटे कारागीर विकतात, हा त्यातलाच एक. पेटीत 68 इंची दांडा, त्यावर मुठीसाठी चिकटवलेला 8 इंची ठोकळा, टिलरिंगची (ओढून बघत, घासत धनुष्याचा वाक जुळवण्याची) लांब दोरी, मधोमध पेन्सिल बसवलेला 15 सेंमीचा लाकडी तुकडा आणि दोन पानी सूचनापत्रक मिळतं. रंधा, कानस, स्क्रॅपर आपले आपण आणायचे. सुतारकामाची सवय आहे पण धनुष्य कधी घडवलं नाही, अशा माणसाच्या हाती द्यावं असं हे लाकूड आहे. पत्रक मात्र बाजूला ठेवा.

आधी लाकडाबद्दल. पाठीवरच्या (ओढणाऱ्यापासून लांबच्या बाजूवरच्या) लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातात, मध्येच कडेला निसटत नाहीत. हिकरी ताण सोसायला फार चिवट. रेषा सरळ असेल तर पाठीवरचं वाढीचं वलय कापलं गेलं तरी चालतं. ओसेज या धनुष्याच्या दुसऱ्या लाकडासारखं एकच वलय जपत बसावं लागत नाही. भुजेची (मुठीच्या वरचा वा खालचा वाकणारा भाग) रुंदी मुठीजवळ 45 मिमी आणि टोकाला 12 मिमी, सरळ निमुळती. जाडी 16 मिमी ठेवली आहे, म्हणजे 40 पाउंडांच्या (पूर्ण ओढायला लागणारा जोर) धनुष्यासाठी चुका सुधारायला पुरेसं लाकूड हाताशी राहतं.

आता मूठ. ठोकळा दांड्याच्या मध्यापासून वर 3 इंच आणि खाली 5 इंच असा बसवलाय. दोन्हीकडचे 2-2 इंचांचे उतार (ठोकळा निमुळता होत भुजेत मिसळतो तो भाग) सोडले की 4 इंचांची मूठ उरते आणि तिचा वरचा काठ मध्याच्या 1 इंच वर येतो. बाण तिथून जाणार. ही मांडणी जुनी आणि चांगली आहे. पण तिचा परिणाम असा की वरची भुजा 31 इंच आणि खालची 29 इंच होते. आखूड भुजेला कमी लांबीत जवळपास तेवढंच वाकावं लागतं, म्हणून तिच्यावर ताण जास्त. ती थोडी ताठच राहायला हवी.

पत्रक काय सांगतं? ठोकळ्याच्या मधोमध आधार द्या, दोरीच्या मधोमध हूक लावा आणि दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत घासा. धनुष्य ओढताना हात तिथे नसतो आणि बोटंही तिथे नसतात! असं घडवलेलं धनुष्य पहिल्या दिवशी देखणं दिसतं, पण वापरात खालची भुजा दमते, दोरी उतरवल्यावरही वाकलेली राहते आणि वरची भुजा भारी पडू लागते.

बरोबर रीत अशी. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्याचा दाब मुठीवर जिथे पडतो तिथे खूण करा. बहुतेकांची ती बाणाच्या खुणेखाली 1 ते दीड इंचावर येते. मनगट खाली टेकवून धरणाऱ्यांची आणखी खाली. टिलरिंगच्या खांबावर (धनुष्य आडवं टेकवून दोरी खाली ओढायची तो) आधार नेमका याच खुणेखाली घ्या, आणि हूक दोरीवर बाणाच्या जागी. मूठ क्लॅम्पने आवळू नका, ती मोकळी डुलू द्या. हूक सरळ खाली ओढल्यावर मूठ ज्या बाजूला कलते, ती भुजा ताठ आहे. क्लॅम्प लावला की हाच सगळ्यात महत्त्वाचा इशारा हरवतो. शेवटी मुठीपासून 6 इंचांवर राहील अशी दोरी चढवून उतारांच्या टोकाशी मोजा: दोरीपासूनचं अंतर वरच्या भुजेला खालच्यापेक्षा 3 ते 6 मिमी जास्त हवं.

घासताना एक गणित लक्षात ठेवा. ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. 12 मिमीच्या भुजेतून 1 मिमी काढला की सुमारे 23 टक्के ताठपणा जातो. रुंदीतून तेवढाच हिस्सा काढला तर नुकसान त्या हिश्शाइतकंच. म्हणून शेवटचे 5 पाउंड रंध्याने कधीच उतरवू नयेत, स्क्रॅपरने उतरवावेत. प्रत्येक वेळी खरवडल्यावर अर्ध्या ओढीने 30 वेळा हलकं ओढा आणि मगच बघा. लाकूड बदल लगेच दाखवत नाही. 40 पाउंडांचं धनुष्य हवं असेल तर घडवताना काट्यावर 40 च्या वर एकदाही ओढू नका, ओढ 14 इंचांची असो वा 24 ची. फक्त शेवटच्या 28 इंची पूर्ण ओढीला 2-3 पाउंड जास्त ठेवा, पॉलिश पेपर आणि पहिले शंभरेक बाण ते खातात.

पेन्सिलचा तुकडा या संचातली सगळ्यात कामाची वस्तू आहे. दोरी ओढलेली असताना तो पोटावरून (ओढणाऱ्याकडच्या बाजूवरून) सरकवायचा. जिथे वाक सर्वात जास्त, तिथे पेन्सिल जेमतेम टेकणार नाही अशी बसवायची. मग भुजा जिथे ताठ आहे तिथे आपोआप रेघ उमटते. रेघ दिसेल तिथेच घासा. सरळ निमुळत्या भुजेला ही युक्ती चपखल बसते. टोकाकडचे 6 इंच मात्र वगळा, ते ताठच हवेत.

एक खोट संचातच आहे. ठोकळ्याचे उतार करवतीने तिरके कापून तसेच सोडलेत, त्यांचं टोक 3 मिमी जाड आहे. भुजा तिथे वाकली की डिंक सुटतो आणि टोक उचकटतं. पहिलं काम म्हणून गोल कानशीने उतार अलगद वळवा, टोक कागदाइतकं पातळ करा आणि त्याच्या पुढचा दीड इंच भाग शेवटपर्यंत जवळजवळ न वाकणारा ठेवा. बिजागरीसारखा मोड नवशिक्यांकडून बहुतेक वेळा नेमका इथेच पडतो. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसू लागल्या तर तिथलं लाकूड चेपलंय. त्या भागाला हात न लावता बाकीची भुजा मऊ करायची.

पुण्या-मुंबईला मागवणार असाल तर पावसाळा टाळा. हिकरीला 8 टक्क्यांच्या आसपास ओलावा मानवतो. 80 टक्के आर्द्रतेत तो 16 च्या घरात जातो आणि अशा दांड्याचं टिलरिंग केलं तर वाक कायमचा बसतो. आणि शक्य असेल तर विक्रेत्याला ठोकळा सुटा पाठवायला सांगा. आपल्या तळव्याची रुंदी मोजून मूठ आधी ठरवायची, आणि चिकटवायची त्यानंतर.