कॅनडाला जाण्याआधीच्या चार बैठका

परदेशी स्थायिक होण्याच्या निर्णयापाशी अडलेल्या कुटुंबांसाठी कोथरूडमधील एका समुपदेशक बाई चार बैठकांची सेवा देतात. ही सेवा आम्ही गेल्या उन्हाळ्यात घेतली. त्या एकट्याच काम पाहतात आणि आपले नाव छापले जाऊ नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून ते येथे दिलेले नाही. मी दंतवैद्य आहे आणि सिंहगड रस्त्यावर अकरा वर्षे माझा स्वतःचा दवाखाना आहे. यजमान सॉफ्टवेअरमध्ये आहेत, मुलगा दहा वर्षांचा आहे आणि सासूबाई आमच्याबरोबर राहतात. कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ या, गुण मोजून कायम निवासासाठी निवड करणाऱ्या योजनेत यजमानांच्या नावाने अर्ज करण्याचे जवळजवळ ठरले होते, तरीही वर्षभर आमच्या घरात त्या विषयावर एकही बोलणे शेवटापर्यंत गेले नव्हते.

त्याआधी आम्ही एका व्हिसा एजंटाच्या कार्यालयात पैसे भरले होते. तेथे प्रत्येक शंकेला ‘तिकडे गेल्यावर सगळं होतं’ हे एकच उत्तर मिळे आणि पाठोपाठ वयाच्या गुणांचा तक्ता समोर येई. तो तक्ता खोटा नव्हता. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे पूर्ण १०० गुण मिळतात, अडतिसाव्या वर्षी ते ५५ उरतात, एकोणचाळिसाव्या वर्षी ५० होतात आणि चाळिशीनंतर दर वाढदिवसाला दहा-दहा कमी होत जातात. यजमानांचा एकोणचाळिसावा वाढदिवस तीन महिन्यांवर आला होता आणि ते पाच गुण आमच्या घरात अक्षरशः घड्याळासारखे वाजत होते.

समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले की स्थलांतराच्या कायद्याविषयी त्या सल्ला देणार नाहीत, कारण पैसे घेऊन असा सल्ला देण्यासाठी कॅनडात परवाना लागतो. २०२१च्या नोव्हेंबरपासून सल्लागारांचे परवाने तेथील ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ ही संस्था देते आणि परवानाधारकांची यादी कोणालाही पाहता येते. घरी येऊन आम्ही ती यादी उघडली. आमच्या एजंटाचे नाव तीत नव्हते. अर्ज स्वतःचा स्वतः भरता येतो, हेही आम्हाला त्या संध्याकाळी प्रथमच नीट कळले. नियम सांगायचे नाहीत, ते कुटुंबाने सरकारी संकेतस्थळावरून स्वतः वाचून आणायचे, ही या बाईंची पद्धत सुरुवातीला कष्टाची वाटते. मला मात्र या सेवेतील तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली.

पहिल्या बैठकीत आम्हा चौघांना एकेक कोरा कागद देऊन मनातील भीती लिहायला सांगितले गेले. मी माझ्या परवान्याविषयी लिहिले. माझ्या पदवीचे गुण अर्जात धरले जात होते, पण कायम निवासाचा हक्क मिळाला म्हणजे दात काढण्याचा हक्क मिळाला असे नाही. तेथे मान्यता नसलेल्या महाविद्यालयातून शिकलेल्या दंतवैद्याला नॅशनल डेंटल एक्झामिनिंग बोर्डाची मूलभूत ज्ञानाची परीक्षा, त्यानंतर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा, मग प्रमाणपत्राची परीक्षा आणि शेवटी प्रांताचा परवाना, असा सगळा रस्ता चालावा लागतो. त्यात काही वर्षे सहज जातात, खर्च मोठा असतो आणि तोवर त्या व्यवसायात काम करता येत नाही. एजंटाच्या कार्यालयात याविषयी कोणी अवाक्षरही काढले नव्हते.

यजमानांचा कागद माझ्या शेजारीच होता. त्यावर पहिली ओळ ‘तिचा दवाखाना’ अशी होती आणि ती त्यांनी इतक्या जोराने खोडली होती की पेनाच्या टोकाने कागद फाटला होता. विषय काढला तर मी नकार देईन, ही त्यांची धास्ती. आणि मी बोलले तर त्यांची संधी माझ्यामुळे हुकेल, ही माझी. वर्षभर आम्ही दोघे एकच गोष्ट एकमेकांपासून जपून ठेवत होतो. बाईंनी त्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवले आणि काही न बोलता थांबल्या. उरलेला पाऊण तास आम्ही दोघेच बोलत होतो.

दुसऱ्या बैठकीसाठी आम्ही निवासाचा नियम वाचून गेलो. कायम निवासी व्यक्तीने कोणत्याही पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिले पाहिजे, असा तो नियम आहे. नातेवाईक आम्हाला सूर्याजी मालुसऱ्यांचा दाखला देऊन ‘परतीचे दोर कापूनच जा’ असे सांगत होते, आणि सिंहगडाच्या रस्त्यावर राहणाऱ्या आम्हाला तो दाखला फार जवळचाही वाटत होता. पण हा नियम शांतपणे वाचला तेव्हा लक्षात आले की दोर कापण्याची सक्ती कोणीच केलेली नाही. यजमानांनी आधी जाऊन नोकरी पाहावी, मी दवाखाना चालू ठेवून पहिल्या परीक्षेची तयारी करावी आणि त्या परीक्षेच्या निकालानंतर पुढचे ठरवावे, अशी वाट आम्हाला तेव्हा प्रथमच दिसली.

तिसरी बैठक सासूबाई आणि मुलाची होती. मुलाला एक इयत्ता मागे बसवतील अशी भीती होती. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात इयत्ता साधारणपणे जन्मवर्षावरून ठरते आणि चौथीपासून फ्रेंच शिकावे लागते, हे त्याने स्वतः शोधून वहीत लिहून नेले. सासूबाईंचा प्रश्न एवढाच होता : ‘मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याजवळ कोण असेल?’ सुपर व्हिसावर आईवडिलांना एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते आणि त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा आरोग्यविमा लागतो, हे मी उत्साहाने सांगू लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि आपले भजनी मंडळ सोडून पाच वर्षे कोठेही राहायचे नाही, असे सांगितले. ऑपरेशन आमच्या जाण्याआधी करून घ्यायचे, हे त्याच बैठकीत ठरले.

चौथी बैठक पैशांची होती आणि ती कच्ची वाटली. महिन्याच्या खर्चाचा एक साधा तक्ता भरून घेण्यापलीकडे तीत फारसे काही नव्हते. येथील बचत खात्याचे अनिवासी खात्यात रूपांतर, भविष्यनिर्वाह निधी, दवाखान्याच्या जागेचे कर्ज हे विषय निघालेच नाहीत, आणि त्यासाठी आम्हाला सनदी लेखापालांकडे वेगळे जावे लागले. ज्यांच्या शंका मुख्यतः पैशांच्या आहेत त्यांनी सरळ तिकडेच जावे. वेळही फक्त शनिवारी मिळते, आणि शनिवारी दवाखान्यात सर्वाधिक रुग्ण असल्याने मला ते जड गेले.

चार बैठकांचे आम्ही १४,००० रुपये दिले. एजंटाला भरलेली रक्कम याच्या कितीतरी पट होती आणि ती परत मिळालेली नाही. घरातील सर्वजण येण्यास तयार असतील तरच ही सेवा घ्यावी, एकट्यादुकट्याने जाऊन तिचा उपयोग होणार नाही. यजमानांचा अर्ज वाढदिवस उलटून गेल्यावर, पाच गुण सोडून, आम्ही स्वतः भरला. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. डाव्या डोळ्याचे दिवाळीनंतर आहे, आणि माझी परीक्षा त्याच्याही नंतर.